समाज भवन ३०० चं, यादी ५५० ची. काय करावं?

दक्षिण_नागपूरकर

नमस्कार मंडळी. मोठ्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलंय. लॉनचे भाव ऐकून घरी आलो आणि वस्तीतलं समाज भवन घेतलं. भाडं परवडलं, घरापासून जवळ आहे, बाजूला पटांगण आहे. सगळं मनासारखं.

रात्री पावती नीट वाचली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी आहेत. त्यातली एक अशी: सभागृहाची क्षमता ३०० व्यक्ती, त्यापेक्षा जास्त उपस्थिती आढळल्यास अनामत रक्कम जप्त होईल आणि होणाऱ्या परिणामांची जबाबदारी अर्जदाराची राहील. अर्जदार म्हणून माझी सही आहे.

यादी झाली ५५० ची. आमच्याकडचे ३२०, मुलाकडचे १५०, ऑफिस आणि कॉलनी मिळून ८०. दुसऱ्या दिवशी भवनात जाऊन विचारलं तर तिथले व्यवस्थापक म्हणाले, "ताई, ते लिहावं लागते. इथं सातशेचेही कार्यक्रम झाले." यांचंही तेच म्हणणं. पण मला झोप येईना.

३०० म्हणजे एका वेळी ३००, की दिवसभरात मिळून? लेकरं धरायची का? आचारी, वाढपी, फोटोवाले? हा आकडा कोण आणि कशावरून ठरवतं? माहीतगारांनी सांगा. पत्रिका छापायला टाकायच्या आहेत, आठ दिवस हातात आहेत.

वऱ्हाडी_पाहुणा

ताई, आधी अभिनंदन. आता माझं स्पष्ट मत सांगतो. ५५० सांगितले की ४०० येतात, आणि चारशे काही एकदम येत नाहीत. लोक येतात, पाकीट देतात, जेवतात, निघतात. आपल्याकडे कार्यात माणूस नाही सांगितला तर तो जन्मभर मनात ठेवतो. माझ्या काकांनी एका घराला पत्रिका दिली नाही, ते घर बारा वर्षं आमच्याकडे आलं नाही. भवनाचा आकडा लोक विसरतील, पण बोलावलं नाही हे कोणी विसरत नाही. यादी कापू नका.

मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. नोकरीत नकाशे तपासण्यात बरीच वर्षं गेली. वऱ्हाडी_पाहुणा यांची माणसं जपण्याची भावना मला कळते. पण हा आकडा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर: ३०० म्हणजे एका वेळी, छताखाली. दिवसभरात हजार येऊन गेले तरी हरकत नाही. लेकरू धरायचं, कडेवरचंही, कारण त्याला बाहेर न्यायला एक मोठं माणूस लागतं. वाढपी, फोटोवाले, वाजंत्री, भटजी, सगळे धरायचे. बाहेर पडायची वेळ आली की दारातून तेही जाणारच.

आकडा दोन गोष्टींवरून येतो, जमीन आणि दारं. दोन्हींतून जो लहान निघेल तो खरा.

जमिनीचं माप राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेलं आहे, २०१६ ची आवृत्ती. माणसं दाटीनं बसली किंवा उभी असली, म्हणजे ओळीत सुट्या खुर्च्या टाकून व्याख्यान ऐकतात तशी, तर माणशी ०.६५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७ चौरस फूट. मोकळी वावरत असली तर १.४ चौरस मीटर, सुमारे १५ चौरस फूट. टेबल-खुर्ची लावून जेवत असली तर १.८, म्हणजे साडेएकोणीस चौरस फूट. यात खरी मेख आहे. एकच खोली व्याख्यानाला ३०० ची असते, वावरायला एकशेचाळीसची आणि टेबलावर जेवायला शंभर-सव्वाशेची. पावतीवर मात्र एकच आकडा छापतात आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असतो. म्हणून "३०० लिहिलंय, पण बसतात जास्त" हे उलटं आहे. जेवणाच्या कार्यक्रमात ३०० सुद्धा जास्त असू शकतात.

दारांचं माप लोकांना माहीतच नसतं. सपाटीवरच्या दाराला माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी धरतात, जिन्याला माणशी १० मिलिमीटर. म्हणजे एक मीटरचं दार साधारण १५३ माणसांचं, तर एक मीटरचा जिना १०० माणसांचा. शिवाय सभेच्या इमारतीत बाहेर पडायचं दार २ मीटरपेक्षा अरुंद नसावं असं संहिता म्हणते. जुनी भवनं या मापात बसत नाहीत, तेव्हा तिथं जास्तच जपून वागायचं.

एक विनंती. उद्या टेप घेऊन जा. लांबी-रुंदी, स्टेज, प्रत्येक दाराची उघडणारी रुंदी मोजा. भिंतीतलं भोक मोजू नका, माणूस खरोखर जिथून जाईल ती जागा मोजा. दार आत उघडतं की बाहेर, तेही लिहून आणा. हिशोब मी करून देतो.

नंदनवनची_मावशी

मी हिशोबातलं काही सांगू शकत नाही, पण जे झालं ते सांगते. भाच्याच्या साक्षगंधाला आम्ही असेच एका भवनात गेलो. मेचाच महिना, बाहेर उन्हाच्या झळा, म्हणून सगळे आतच. कुलर चार होते पण खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे गार वारा नाही, नुसता दमटपणा. अंगाला साड्या चिकटून गेल्या.

साडेआठला जेवण सुरू झालं. जेवणाची रांग दारापासून, आणि त्याच दारातून बाहेर जाणारे. दाराशी चपलांचा ढीग. आत येणाऱ्यांना वाट नाही, बाहेर जाणाऱ्यांना चप्पल सापडत नाही. मी वाकून चप्पल शोधत होते आणि मागून लोंढा आला. कोणी मुद्दाम ढकलत नव्हतं, मागच्यांना पुढचं दिसतच नव्हतं. माझा हात दाराच्या चौकटीत आणि अंग दोन माणसांच्या मध्ये. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना, कारण छातीत हवाच जाईना. किती वेळ ते माहीत नाही, अर्धा मिनिट असेल. माझ्या जाऊबाईंनी नातवाला डोक्यावर उचलून धरलं होतं, ते तेवढं दिसत होतं.

कोणाला काही झालं नाही. नवरदेवाच्या आईला कळलंही नाही. फोटोत सगळे हसतानाच आहेत. पण तेव्हापासून मी कोणत्याही हॉलमध्ये गेले की आधी दुसरं दार कुठे आहे ते पाहते.

मोजपट्टी

मावशी, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. गर्दीत माणसं पायाखाली येऊनच जातात असं आपल्याला वाटतं. पण पुष्कळदा उभ्या उभ्याच छाती दाबली जाते आणि श्वास कोंडतो. चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की माणसाला स्वतःच्या मनानं हलणं अवघड होतं.

हे आपल्या नागपूरला वेगळं सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात, लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. तिथं आग नव्हती, काही कोसळलं नव्हतं. माणसांना निघायला वाट नव्हती. सीताबर्डीच्या स्मारकाजवळून आपण रोज जातो.

आणि भाड्यानं घेतलेल्या हॉलचं बोलायचं तर हरियाणातलं डबवाली. २३ डिसेंबर १९९५, शाळेचं स्नेहसंमेलन, जागा लग्नाचा हॉल. मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात लेकरंच जास्त. शाळेनंही आपल्यासारखीच एका दिवसापुरती जागा घेतली होती.

मंडपातला_माणूस

बिछायत केंद्र आहे आमचं, मंडप-खुर्च्या भाड्यानं देतो, वडलांपासून. या धाग्यावर लिहायचं नव्हतं, पण मावशींचं वाचून राहवलं नाही.

आमच्या लाइनमधलं खरं सांगतो. हॉलची दारं आम्हीच लहान करतो. गिऱ्हाईक म्हणते गेट चांगला पायजे. सहा फुटाच्या दाराले आम्ही आतून-बाहेरून बांबू लावतो, त्यावर कपडा, फुलं, थर्माकोलची कमान. उरते साडेतीन-चार फूट. बाजूचं दार खराब दिसते म्हणून त्याच्यावर पडदा सोडतो. पडद्यामागं दार आहे हे घरच्या माणसालेही माहीत नसते. वरून कुलर. कुलरले बाहेरची हवा पायजे, मग तो दारातच बसवतो. सगळ्यात सोपी जागा तीच. दोन-तीन वर्षांपासून मी कुलर फक्त खिडकीत बसवतो आणि समोरच्या भिंतीच्या खिडक्या उघड्या ठेवायले सांगतो. हवा बाहेर गेली तरच कुलर थंड करते, नाही तर दमट होते. मावशींकडे तेच झालं असन.

आता गर्दीचं. वऱ्हाडी_पाहुणा भाऊ म्हणून राहिले की सगळे एकदम येत नाहीत. भाऊ, हिवाळ्यात तुमचं बरोबर आहे. मे महिन्यात नाही. दिवसा पंचेचाळीस डिग्री, कोणी घराबाहेर निघत नाही. ऊन उतरलं, आंघोळ झाली, की सगळे साडेआठ ते साडेनऊमध्येच. माझ्या प्लेटा मोजून सांगतो, उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त माणूस या एका तासात उभा राहते. ५५० सांगितले, ४५० आले, तर तीनशे तर त्या तासातच.

ताई, एक सोपी गोष्ट करा. खुर्च्या मोजून मागवा. बिछायतवाला विचारते "किती टाकू", तेव्हा "जेवढ्या बसतील तेवढ्या" म्हणू नका. ठरलेल्या खुर्च्या टाकल्या की गर्दी आपोआप कळते. आणि मधातून चार फुटाची वाट दारापर्यंत सरळ सोडायले सांगा. फुलाचे स्टँड त्या वाटेत ठेवू देऊ नका.

लाल_बंब

अग्निसुरक्षा उपकरणांची देखभाल करणाऱ्या परवानाधारक एजन्सीत काम करतो. जबाबदारीबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, २००६ चा. त्यात आग विझवायची यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाकडे द्यावा लागतो. तुमचं कार्य मे महिन्यात आहे, म्हणजे भवनाकडे याच जानेवारीचा फॉर्म बी असायला हवा. तो दाखवा म्हणा. दाखवला तर चांगलं. टाळाटाळ झाली तर त्यातूनही काय ते कळतं.

बरेच जण भोगवटा प्रमाणपत्र दाखवतात आणि सांगतात "हे बघा, परवानगी आहे". ते प्रमाणपत्र इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि वापरायला योग्य आहे याचं. किती माणसं आत बसवायची ते त्यावरून ठरत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

पावतीवर "जबाबदारी अर्जदाराची" लिहून घेतलं म्हणून मालकाची कायद्यातली जबाबदारी संपत नाही. पण ताई, तुम्ही लेखी आकडा वाचला, त्यावर सही केली आणि जवळपास दुप्पट माणसं बोलावली, तर तुम्हीही हात वर करू शकत नाही. व्यवस्थापकाचं तोंडी "चालते" कुठेच टिकणार नाही. तो ते लिहून देईल का, एवढं विचारून पाहा.

जाऊन बघायच्या गोष्टी: अग्निशामक नळकांड्यांच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, त्यांच्यापुढे खुर्च्यांचे ढीग लावलेत का. केटररचे गॅस सिलिंडर कुठे ठेवतात. आमच्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी ते मागच्या बोळात असतात, आणि तोच बोळ दुसऱ्या दाराचा रस्ता असतो. सिलिंडर आणि भट्ट्या भिंतीपासून दूर, पटांगणाच्या टोकाला लावायला सांगा.

कार्यकारिणी_सदस्य

आमच्या समाजाच्या भवनाच्या समितीत मी सहा वर्षं आहे. भवन कोणतं ते लिहीत नाही. व्यवस्थापक असं का बोलतात ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

लग्नसराईचे तीन-चार महिने जे उत्पन्न होतं त्यावर आमचं वर्षाचं वीजबिल, कर, चौकीदाराचा पगार आणि विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांची मदत चालते. ३०० वर कडक राहिलो तर माणूस लॉनकडे वळतो. म्हणून अट लिहायची आणि बघायचं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. मीही त्यात होतो. ते चूक होतं.

आता आम्ही बुकिंगच्या वेळीच विचारतो, कार्यक्रम कोणता, जेवण आत की बाहेर. व्याख्यानाला वेगळा आकडा, जेवणाच्या कार्याला वेगळा, दोन्ही पावतीवर. यादी मोठी असेल तर पूर्ण दिवस देतो आणि दोन वेळा करायला सांगतो, भाड्यात थोडी सूट देतो. गेल्या वर्षभरात दोन कुटुंबं बुकिंग रद्द करून गेली. बाकी सगळ्यांनी ऐकलं.

दक्षिण_नागपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी आणि धाकटा भाऊ टेप घेऊन गेलो.

सभागृह आतून ७० फूट बाय ४५ फूट. स्टेज २५ बाय १५. समोरचं दार दोन पाखांचं (झडपांचं), सहा फूट. त्यातलं डावं पाखं वर-खाली कडीनं बंद होतं. कडी काढायला गेलो तर निघेना. गंज चढलेला आणि वरून रंग मारलेला. चौकीदारानं हातोडीनं ठोकून काढली, रंगाचे पापुद्रे खाली पडले. तो म्हणाला, मी इथं चार वर्षं आहे, हे पाखं उघडलेलं पाहिलं नाही.

बाजूचं दार बरोबर एक मीटर. त्याच्यात कुलर बसवलेला, मागं लोखंडी स्टँड जमिनीत पक्का केलेला. तिसरं दार स्टेजमागून स्वयंपाकघरात जातं, पण तिथून पुढे बाहेर जायला वाट नाही, भिंत आहे. समोरचं आणि बाजूचं, दोन्ही दारं बाहेर उघडतात, एवढं बरं. पटांगण ६० बाय ४०, त्याला रस्त्याकडे दहा फुटाचं फाटक.

फॉर्म बी मागितला. व्यवस्थापक म्हणाले अध्यक्षांकडे आहे, दोन दिवसांत दाखवतो. "सातशे चालतील" हे लिहून देता का विचारलं, तर गप्प बसले. मग म्हणाले, "नाही ताई, लिहून कसं देऊ."

मोजपट्टी

फार नीट मोजलंत. आता हिशोब. संहितेतले आकडे मी जरा कडकपणे वापरतो, म्हणजे पाय ठेवायला जी जमीन मोकळी उरते तेवढीच धरतो.

७० बाय ४५ म्हणजे ३१५० चौरस फूट. स्टेजचे ३७५ गेले. कुलर, पाण्याचे जार, भेटवस्तूंचं टेबल यांचे १५० धरा. जेवणाचे काउंटर आतच एका भिंतीला लावले तर त्यांची आणि रांगेची दहा फुटाची पट्टी, ४५० गेले. उरले २१७५. लोक मोकळे वावरणार असतील तर पंधराने भागा, १४५ माणसं. टेबलं लावली तर ११२. याच हॉलमध्ये सातशे बसवले असं सांगतात, म्हणजे माणशी तीन चौरस फूट. वर्तमानपत्राचं पान पूर्ण उघडलं तर ते त्याहूनही थोडं मोठंच भरतं.

आता जेवण पटांगणात न्या. हॉलमध्ये २६२५ चौरस फूट उरले. २२० खुर्च्या ओळीत टाका, सातच्या मापानं १५४० गेले. उरलेल्या १०८५ मध्ये सत्तरेक माणसं वावरतील. झाले २९०. म्हणजे तुमच्या पावतीवरचा ३०० चा आकडा बरोबर आहे, पण जेवण बाहेर असेल तरच.

दारांचं बघा. समोरचं सहा फुटाचं पूर्ण उघडलं तर १८३० मिलिमीटर, २८१ माणसं. बाजूचं १५३. मिळून ४३४, ठीक आहे. पण काल तुम्ही गेलात तेव्हा जशी अवस्था होती, एक पाखं रंगानं चिकटलेलं आणि दुसऱ्या दारात कुलर, तर उरलं काय? तीन फुटाचं एक पाखं. १४० माणसं. भवन तेच, भिंती त्याच, आणि ४३४ चे १४० झाले. कागदावर कोणी ३०० लिहो की ७००, त्या संध्याकाळी तुमचं भवन १४० चं असतं.

म्हणून तीन गोष्टी आधी करून घ्या: दोन्ही पाखं उघडी, बाजूच्या दारातला कुलर काढून दार मोकळं, कमान दाराच्या आत न लावता चार हात पुढे.

आणखी एक. पटांगणात जेवण ठेवलं म्हणून तिथं वेगळे दोनशे धरू नका. मे महिन्यात आपल्याकडे वावटळ येते, अवकाळी येतो. पहिल्या थेंबाला सगळे आत धावतील. तेव्हा आत-बाहेर मिळून एका वेळी ३०० च्या आतच ठेवा.

वऱ्हाडी_पाहुणा

मोजपट्टी साहेब, तुमचा हिशोब वाचून मी माझा सूर बदलतो. ते वर्तमानपत्राचं पान डोळ्यासमोरून जात नाही. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ५५० मधून अडीचशे घरची माणसं ही बाई कापणार कशी? हे आपल्याला सोडवून द्यावं लागेल, नुसतं "कमी करा" म्हणून चालणार नाही.

नंदनवनची_मावशी

कापू नका, वाटून घ्या. साक्षगंधाचा विधी तसाही सकाळी करता येतो. जवळचे नातेवाईक आणि मुलाकडचे सकाळी, त्यांना पंगत. बाकी सगळे संध्याकाळी. पत्रिका दोन छापायच्या, एकीवर सकाळची वेळ, दुसरीवर संध्याकाळची. कोणाला कमी लेखलं असं वाटू नये म्हणून पत्रिका घेऊन स्वतः जा आणि सांगा की गर्दीत तुमच्याशी बोलणं होत नाही, म्हणून तुम्हाला निवांत वेळ ठेवली आहे. माणूस कारण ऐकतो, पण ते तोंडानं सांगावं लागतं.

आणि २०२१ आठवा. एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसांची मर्यादा होती, दोन तासांत सगळं उरकायचं. माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाला मी गेले नव्हते. आम्ही कोणी रुसलो नाही, कारण जिवाचं कारण होतं. इथंही कारण तेच आहे.

मंडपातला_माणूस

मावशींच्या बोलण्यात एक जोडतो. संध्याकाळची पत्रिकाही दोन वेळांची करा. कॉलनीले सात वाजता बोलवा, ते जवळचे आहेत, चालत येतात. ऑफिसवाले आणि लांबचे, ते साडेआठनंतर. जेवण बरोबर सातले सुरू करा. जेवण उशिरा सुरू झालं की गर्दी साचते, हेच मुख्य कारण. लोकं थांबतात ते जेवणासाठी.

फाटकावर घरचं एक समजदार पोरगं बसवा, आकडे मोजायचं ते बोटानं दाबायचं यंत्र देऊन. एक आत येणाऱ्यांचं, एक जाणाऱ्यांचं. मी देतो, माझ्याकडे आहेत. चपलांसाठी फाटकाजवळ रॅक लावा, दाराशी एकही जोडी नको.

लाल_बंब

त्या पोराला एवढंही सांगून ठेवा: वीज गेली किंवा धूर दिसला तर दोन्ही पाखं आणि बाजूचं दार उघडं धरायचं, आणि १०१ ला फोन कोण करणार ते नाव आधीच ठरवायचं. सगळे समजतात दुसऱ्यानं केला असेल.

दक्षिण_नागपूरकर

मंडळी, कार्य काल पार पडलं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी २३० जण होते. विधी झाला, पंगत झाली, पाटवडी-रस्सा आणि वडाभात सगळ्यांनी नावाजून खाल्ला. संध्याकाळी सातला काउंटर सुरू केलं. भाऊ फाटकावर यंत्रं घेऊन बसला होता. दर अर्ध्या तासाला मला आकडा सांगायचा. सगळ्यात जास्त झाले ते नऊ वाजायच्या थोडं आधी, आत-बाहेर मिळून २६२. तेव्हा त्यानं ठरल्याप्रमाणे यांना बोलावलं आणि हे फाटकावर जाऊन येणाऱ्यांशी दहा मिनिटं बोलत उभे राहिले, सरबत दिलं. आतले निघाले, मग नवे आले.

समोरचं दार दोन्ही पाखांसकट उघडं होतं. कमान पुढे लावली. बाजूच्या दारातला कुलर भवनानं काढला, स्टँड कापायला वेल्डर आम्ही दिला. पडदा लावला नाही. सजावटवाला म्हणाला दार फोटोत येईल. येऊ दे म्हटलं. त्या दारातून इतकी हवा आली की म्हातारी माणसं त्याच बाजूला जाऊन बसली. फॉर्म बी मात्र शेवटी जानेवारीचा निघालाच नाही, मागच्या जुलैचा निघाला. अध्यक्षांनी तपासणी करून घेतो म्हटलंय. मी जुलैमध्ये परत विचारणार आहे, आता तो प्रश्न फक्त माझ्या कार्याचा राहिला नाही.

माझे एक मामेसासरे सकाळची पत्रिका मिळाली नाही म्हणून आले नाहीत. स्वतः जाऊन सांगायचं राहिलं होतं, फोनवर उरकलं. चूक माझी. रविवारी त्यांच्याकडे जातेय.

उमरेडरोड

धागा आजच पूर्ण वाचला. आमच्याकडे येत्या रविवारी वडिलांची तेरवी आहे. हॉल घेतलाय तो पहिल्या मजल्यावर, खाली दुकानं. मालक म्हणतात अडीचशे आरामात. यातलं काही आम्हाला लागू होतं का?

मोजपट्टी

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. हो, तुम्हाला जास्तच लागू होतं, कारण पहिल्या मजल्यावर सगळा भार जिन्यावर येतो. माणशी १० मिलिमीटर. चार फुटाचा जिना असेल तर १२२ माणसं, मग हॉल कितीही मोठा असो. जिने किती आहेत आणि रुंदी किती, कठड्याच्या आतून मोजून सांगा. पायऱ्यांवर खुर्च्या किंवा दुकानाचं सामान ठेवलंय का तेही पाहा. म्हातारी माणसं येतील, त्यांच्या पंगतीची खाली कुठे सोय होते का बघू. आज संध्याकाळपर्यंत लिहा, मी इथंच आहे.